धीर देणाऱ्यांची जबाबदारी

बायबलमधल्या ईयोबाचे तीन मित्र त्याला भेटायला आले, तेव्हा सुरुवातीला त्यांनी मोठ्या शहाणपणाची गोष्ट केली. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी चकार शब्द काढला नाही. गुरंढोरं लुटली गेलेली, सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी घराखाली गाडल्या गेलेल्या, अंगभर गळवं आणि ती खाजवायला हातात खापरीचा तुकडा. अशा माणसाशी बोलणार काय? मग ईयोबानेच तोंड उघडलं आणि आपल्या जन्मदिवसाला शाप दिले. ते मात्र मित्रांना ऐकवलं नाही. देवाची बाजू घ्यायला ते सरसावले. अलीफजाने सुचवलं की निर्दोष माणसाचा असा नाश होत नसतो. बिल्ददाने मेलेल्या मुलांकडेच बोट दाखवलं. सोफराने तर सांगून टाकलं की तुझ्या अपराधाच्या मानाने ही शिक्षा कमीच आहे.

यातलं एकही बोलणं त्या काळच्या भाविकाला खटकलं नसतं; आजच्या व्यासपीठावरूनही ते सहज खपून जाईल. तरीही ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो या मित्रांवर. देवाला जाब विचारणारा, त्याच्यावर फिर्याद मांडणारा ईयोब खरं बोलला आणि देवाची वकिली करणारे खोटं बोलले, असा तो निवाडा आहे. ख्रिस्ती माणसाने संकटात एकमेकांना धीर कसा द्यावा, याचा विचार या निवाड्यापासून सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात आपण बहुतेक वेळा अलीफजाच्या पंगतीला जाऊन बसतो.

मयताच्या घरची सांत्वनाची सभा आठवून पाहा. सतरंजी अंथरलेली असते. पाळकसाहेब शास्त्रवाचन करतात, दोन गीतं होतात, प्रार्थना होते. मग एकेक जण त्या नुकत्याच विधवा झालेल्या बाईजवळ येतो. "देवाला ते जास्त आवडले, ताई." "त्याची योजना आपल्याला नाही कळायची." "सोसवेल तेवढंच तो देतो." बाई मान हलवत राहते, कारण माणसं आपल्यासाठी वाट वाकडी करून आलेली आहेत. त्याच वेळी आत स्वयंपाकघरात शेजारीण आपल्या घरून आणलेलं पिठलं आणि भाकऱ्या झाकून ठेवत असते. तिने पाणी भरून ठेवलेलं असतं, धाकट्याला आंघोळ घातलेली असते आणि दवाखान्याचं बिल किती राहिलंय हे थोरल्याला बाजूला घेऊन विचारलेलं असतं. सभेत तिला बोलायला कुणी सांगत नाही. सांगितलं तरी ती उठायची नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या घरात ख्रिस्ती धर्माचं जे काही आहे, ते बाहेरच्या वाक्यांपेक्षा आतल्या बाईच्या हातात जास्त आहे. आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. ख्रिस्ती परंपरेतल्या आशेची घडणच तशी आहे, असं मला वाटतं. दुःखाचा अर्थ लावून दिला की माणसाला धीर येतो, ही समजूत बायबलला मान्य नाही.

ती तीन वाक्यं जरा तपासून पाहू. ट्रकखाली सापडलेल्या माणसाच्या मृत्यूला देवाची योजना म्हणायचं, तर तो ट्रक देवानेच पाठवला असं होतं. लेकराचा जीव घेणाऱ्या देवाजवळ त्याच लेकराच्या आईने सांत्वनासाठी जायचं, हा कसला न्याय? सोसवेल तेवढंच दुःख येतं, हेही खरं नाही. दुःखाखाली माणसं मोडतात. कर्जापायी फास घेतात, वर्षानुवर्षं गोळ्यांवर जगतात. पौलाच्या ज्या वचनाचा त्यासाठी आधार घेतला जातो, त्याच्या आगेमागे विषय मूर्तिपूजेचा आणि मोहाचा आहे, जिवलगाच्या मरणाचा नाही. याहून वाईट वाक्य आहे ते आजारी माणसाच्या उशाशी म्हटलं जाणारं: विश्वास कमी पडतोय. आरोग्यदानाच्या सभांमधून आणि मोबाइलवरच्या प्रवचनांमधून ते अलीकडे फार ऐकू येतं. कर्करोग बरा झाला तर श्रेय प्रार्थना करणाऱ्याला आणि नाही झाला तर दोष रोग्याला, असा हा एकतर्फी व्यवहार आहे. मरणाऱ्याच्या डोक्यावर अपराधाचं ओझं ठेवून त्याला निरोप देण्याइतका क्रूरपणा सोफराने तरी वेगळा काय केला होता?

येशूपुढेही हे प्रश्न आले होते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, अशी चर्चा चालू होती. लूकच्या शुभवर्तमानात येशू ते साफ नाकारतो आणि विचारणाऱ्यांना स्वतःकडे बघायला लावतो. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो, मातीचा लेप करतो आणि त्याच्या डोळ्यांना लावतो. लाजराच्या कबरेपाशी आपण काय करणार आहोत हे त्याला ठाऊक होतं, तरी मार्थेच्या आणि मरियेच्या दुःखाला उरकून टाकण्याची घाई त्याने केली नाही, तो रडला. आणि शेवटी वधस्तंभावर, देवाने आपल्याला का सोडलं, हा बाविसाव्या स्तोत्रातला जाब त्याने स्वतः विचारला. ख्रिस्ती माणसाचा प्रभू मरताना तक्रार करत होता. मग मंडळीत तक्रारीची एवढी धास्ती का?

स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत. बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला त्यांना शेवटी एखादी आशेची ओळ जोडून देणं अवघड नव्हतं. त्यांनी ती जोडली नाही, कारण काही माणसांची प्रार्थना तिथेच संपते आणि तीही प्रार्थनाच असते, हे त्यांना कळलं होतं. गाऱ्हाणं घालणारा माणूस अश्रद्ध नसतो. ऐकणारा कुणी आहे असं वाटतं म्हणूनच तो गाऱ्हाणं घालतो.

पण गाऱ्हाणं ही आशेची फक्त पहिली पायरी झाली. पुढे काय, या प्रश्नाचं उत्तर मराठी मुलखात पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला सापडतं. पंडिता रमाबाईंचं नाव आपण समाजसुधारकांच्या यादीत वाचतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे जातो. संकटात आशा म्हणजे नेमकं काय, या दृष्टीने त्यांच्या आयुष्याकडे फारसं कुणी पाहत नाही.

1858 साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरी त्या जन्मल्या. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थं हिंडणारं होतं. 1870 नंतरच्या दुष्काळात ते उद्ध्वस्त झालं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आईचा देह उचलायला माणसं मिळेनात. शेवटी दोघा ब्राह्मणांना दया आली. भाऊ श्रीनिवास तिसरा आणि रमाबाई चौथ्या. खांद्याची उंची पुरेना, म्हणून त्यांनी तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. उरलेली दोघं भावंडं पायी देश तुडवत राहिली. झेलमच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे केले आणि गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन रात्र काढली. 1880 मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. रमाबाईंना तेव्हा चोविसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं आणि कडेवर वर्षाच्या आतली मनोरमा होती.

पुढच्याच वर्षी, 29 सप्टेंबर 1883 रोजी, इंग्लंडमधल्या वाँटिज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुःखाने खचलेली बाई सांत्वनाच्या शोधात परधर्मात शिरली, असं म्हणायचा मोह कुणालाही व्हावा. पण तिथल्या मठातल्या भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की तो मोह टिकत नाही. बाप्तिस्म्यानंतरही त्या त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घालत होत्या आणि चर्चच्या अधिकारापुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकायला तयार नव्हत्या. सुखच हवं होतं तर सोपी वाट दुसरी होती. कलकत्त्याने त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं होतं, पुण्याने डोक्यावर घेतलं होतं. बाप्तिस्म्याने तो मान गेला. 1893 मध्ये, त्यांनी काढलेल्या शारदा सदन या शाळेतल्या मुलींना ख्रिस्ती करत असल्याच्या आरोपावरून रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. श्रद्धेने त्यांच्या अडचणी कमी केल्या नाहीत, उलट त्यात भर घातली.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. आपण सोसलेल्या उपासमारीच्या आठवणीने आपल्याला तिकडे ओढून नेलं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. पोरक्या मुलींवर भुकेबरोबरच दलालांचीही नजर होती, हे त्यांनी पाहिलं आणि शेकडो मुली-बायका घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेग होता, तिथे त्यांना ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून केडगावच्या माळावर मुक्ती सदनाचं बिऱ्हाड पडलं. तिथे विहिरी खणल्या, फळबाग लावली, गाईगुरं आली, विणकाम आलं, तेलाचा घाणा आला, छापखाना आला. 1900 च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसं राहत होती. समाजाने ज्यांना पतित ठरवलं त्यांच्यासाठी कृपा सदन निघालं. अंध बायकांना ब्रेल शिकवण्याची सोय झाली.

या सगळ्यात एक गोष्ट विशेष बघण्यासारखी आहे. 1897 मध्ये पुण्याच्या प्लेगच्या रुग्णालयात आपल्या संस्थेतल्या एका मुलीच्या बाबतीत जे घडलं, त्यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहून सरकारी व्यवस्थेचे वाभाडे काढले. गव्हर्नरने आरोप फेटाळले, प्रकरण विलायतेपर्यंत गेलं. ख्रिस्ती झालेल्या बाईने ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारला सोडलं नाही. देवाची इच्छा म्हणून गप्प बसण्याची शिकवण त्यांनी बायबलमधून घेतली नव्हती. गाऱ्हाणं, विहीर आणि जाहीर पत्र, ही तिन्ही त्यांच्या लेखी एकाच श्रद्धेची कामं होती.

मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं, आणि छपाईची कामं मुक्ती सदनातल्याच मुली-बायका करत होत्या. दुष्काळात उचलून आणलेली मुलगी, जिला कदाचित कुणी नावानेही हाक मारलेली नव्हती, ती केसमधून एकेक खिळा उचलते आहे, उलटी अक्षरं सुलटी वाचायला शिकते आहे, आणि तिच्या बोटांखालून ईयोबाचं गाऱ्हाणं ओळीओळीने पानावर चढतं आहे. हे चित्र नीट डोळ्यांपुढे आणलं की आशेवरच्या कित्येक प्रवचनांची गरज उरत नाही. 1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, तिच्यामागून 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या आणि ते बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या लेकीच्या हाती सगळं सोपवायचं तिलाच मूठमाती देऊन या बाईने शेवटचे महिने काढले. त्याचं कुठलं स्पष्टीकरण त्यांना मिळालं असेल असं मला वाटत नाही.

इथे एक आक्षेप येतोच, आणि तो टाळणं बरं नव्हे. दुष्काळातल्या मुलीला पोटाला घालून ख्रिस्ती करणं हा तिच्या लाचारीचा फायदा घेणं नाही का? जिच्या जेवणाखाण्याचा, कपड्यालत्त्याचा सगळा भार संस्थेवर आहे, तिने संस्थेचा धर्म स्वीकारला तर ती निवड किती मोकळी म्हणायची? प्रश्न रास्त आहे. मदतीला अट जोडली की मदतीचं मोल उतरतं, मग ती कुणीही करो. पण या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. नगर जिल्ह्यात दुष्काळाच्या काळात ख्रिस्ती झालेल्यांना पोटार्थी म्हणून हिणवण्यात आलं. उपाशी माणसाला विचार करता येत नाही, हे त्यात गृहीत धरलं होतं. गावाची विहीर आणि देऊळ ज्याला बंद होतं, त्याने आपल्याशेजारी बसणारा देव निवडला, तर त्यात भाकरीबरोबर मानाचीही भूक असू शकते. ती ओळखायची नाही, असं टीकाकारांनी ठरवूनच टाकलेलं होतं.

त्या माणसांच्या नातवंडांची गोष्ट ख्रिस्ती मंडळींनाही सुखाची नाही. बाप्तिस्म्याने जात गेली नाही. सोयरीक जुळवताना ती अजून विचारली जाते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती दलित ख्रिस्ती माणसाला मिळत नाहीत. म्हणजे गावाच्या लेखी तो जातीचा आणि कागदाच्या लेखी बिनजातीचा. अशा माणसाला स्वर्गातल्या प्रतिफळाची आशा सांगून वाटेला लावणं म्हणजे मार्क्सची अफूची उपमा आपल्या हाताने खरी करून दाखवणं. मार्क्सने त्याच परिच्छेदात धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासाही म्हटलं आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. उसासा आणि अफू यांतला फरक धर्मग्रंथावर ठरत नाही, तो ऐकणाऱ्यांच्या वागण्यावर ठरतो. उसासा ऐकून कुणी उठलं तर ती आशा. ऐकून आमेन म्हणत सगळे बसून राहिले तर ती अफू.

मग आशा आणि आशावाद यांत फरक काय? सगळं ठीक होईल असं म्हणणारा आशावादी परिस्थितीचा अंदाज बांधत असतो, आणि अंदाज चुकू शकतो. आशा असा अंदाज बांधत नाही. विसाव्या शतकात यावर सर्वांत खोल विचार करणाऱ्यांपैकी एक, युर्गेन मोल्टमन, हा जन्माने श्रद्धाळू घरातला नव्हता. 1943 च्या जुलैत हॅम्बुर्गवर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि विमानविरोधी तोफेवर नेमलेला होता. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बने छिन्नविच्छिन्न झाला, हा वाचला. पुढे तो ब्रिटिशांचा युद्धकैदी झाला. छावणीत त्याला नाझी छळछावण्यांची छायाचित्रं दाखवण्यात आली आणि आपण कुणासाठी लढलो ते कळलं. एका लष्करी धर्मगुरूने हातात बायबल ठेवलं. त्यात त्याला जवळचं वाटलं ते एकोणचाळिसावं विलापस्तोत्र आणि मार्कच्या शुभवर्तमानातली येशूची ती शेवटची आरोळी. आपल्याला ओळखणारा कुणीतरी इथे आहे, असं त्याला वाटलं. 1964 मध्ये त्याने आशेचा धर्मविचार मांडणारा ग्रंथ लिहिला, आणि 1972 मध्ये क्रूसावर खिळलेल्या देवाविषयीचा. ख्रिस्ती आशा माणसाला आहे त्या जगाशी जुळवून घ्यायला शिकवत नाही, त्या जगाविषयी अस्वस्थ करते, असा त्याच्या मांडणीचा रोख आहे. देवाने मरणाला अखेरचा शब्द दिलेला नाही असं जो मानतो, तो मरणाच्या छोट्यामोठ्या मुकादमांनाही अखेरचा शब्द देत नाही. भूक आली, जात आली, पुढाऱ्याची बेफिकिरी आली, सावकारी आली.

पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातला क्रमही याच दिशेचा आहे. संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं शील आणि त्यातून आशा. आशा शेवटी येते. आपण मात्र ती सुरुवातीलाच मागतो, आणि ज्याच्याकडे ती नाही त्याला कमी लेखतो. तीन महिन्यांपूर्वी मूल गमावलेल्या बापाने उपासनेत हात वर करून गायलं नाही, तर त्याची श्रद्धा ढळली अशी कुजबुज करण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्याच्या वाटचं गाणं तेवढे दिवस बाकीच्यांनी गावं. मंडळी असते ती यासाठीच. रात्ररात्र झोप न लागणाऱ्याला आणखी प्रार्थना कर म्हणण्यापेक्षा त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जावं आणि बाहेर बाकावर बसून राहावं. त्या बाकावर बसणं हीसुद्धा प्रार्थना आहे, असं मानायला ख्रिस्ती माणसाला काही अडचण नसावी.

पुनरुत्थानाच्या कथेतही जखमा पुसल्या गेलेल्या नाहीत. थोमाला येशू ओळखू येतो तो हातांवरच्या आणि कुशीतल्या व्रणांवरून. ईयोबालाही शेवटी पुन्हा दहा मुलं झाली, पण आधीची दहा परत आली असं ग्रंथ कुठेही म्हणत नाही. झालेलं नुकसान भरून निघालं असं न म्हणताही पुढे जगता येतं, ख्रिस्ती आशेचा दावा एवढाच आहे. तो लहान वाटेल, पण दुष्काळ, प्लेग आणि युद्धकैद यांच्यासमोर टिकलेला आहे. मोठमोठे दावे सहसा पहिल्याच मयताला कोसळतात.

तेव्हा मंडळीने आशेवर प्रवचन ठेवायच्या आधी एक साधी बैठक घ्यावी. आपल्या वस्तीत यंदा कुणाचं पीक गेलं, कुणाच्या डोक्यावर दवाखान्याचं देणं आहे, कुठल्या मुलीची फी थकली आहे, कुणाच्या घरी रात्री सोबतीला जायला हवं, कुणाच्या अर्जासाठी तहसील कचेरीत खेटे घालायला हवेत, याची यादी करावी आणि कामं वाटून घ्यावीत. ही यादी उरकल्यावर प्रवचनाला जेवढा वेळ उरेल तेवढा पुरे.